अंध बुद्धिबळपटूंचे सामूहिक कोडे-उकलन : एका मौखिक परंपरेचा इतिहास

प्रास्ताविक

बुद्धिबळाच्या इतिहासलेखनात स्पर्धांच्या निकालांना आणि नामांकित खेळाडूंच्या डावांना स्वाभाविकपणे मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. स्पर्धा झाली की गुणतक्ता उरतो, डाव झाला की चालींची नोंद उरते. परंतु चार-सहा जणांनी एकत्र बसून एखादे कोडे सोडवले, तर त्याचा कागद मागे राहत नाही. खेळाडू अंध असतील तर तो राहण्याची शक्यता आणखी कमी होते, कारण त्यांचा सर्व व्यवहार वाणी आणि स्पर्श यांच्या आधारे चालतो. परिणामी अंध खेळाडूंच्या बुद्धिबळाची दखल घेतली गेलीच, तर ती 'न पाहता खेळण्याचा चमत्कार' म्हणून घेतली जाते. प्रस्तुत लेखात या दृष्टीची मर्यादा दाखवून, अंध खेळाडूंचे सामूहिक कोडे-उकलन ही स्वतंत्र पद्धती कोणत्या ऐतिहासिक घटकांतून घडली आणि रत्नागिरीसारख्या विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्यात तिच्यापुढील प्रश्न कोणता आहे, याचा विचार केला आहे.

न पाहता खेळणे आणि अंधत्व

पटाकडे न पाहता खेळण्याची प्रथा प्राचीन आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी निधन पावलेले अरब विद्वान सईद बिन जुबैर पटाकडे पाठ करून खेळत, अशी परंपरा सांगते. तेराव्या शतकात, १२६६ साली, बुझेका नावाच्या खेळाडूने फ्लॉरेन्समध्ये अशा प्रकारे डाव खेळून दाखवले. फिलिडोरचे १७८३ मधील लंडनचे प्रयोग वृत्तपत्रांचा विषय झाले. पुढे हे आकडे वाढतच गेले. जॉर्ज कोल्तानोव्स्की यांनी १९३७ साली एडिंबरा येथे एकाच वेळी ३४ डाव न पाहता खेळले, तर तैमूर गरायेव यांनी २०१६ साली लास व्हेगास येथे ४८ डाव खेळले.

या सर्व प्रयोगांत एक साम्य आहे. खेळाडू डोळस आहे, त्याने वर्षानुवर्षे पट पाहिलेला आहे आणि प्रयोगापुरती त्याने आपली दृष्टी बाजूला ठेवली आहे. शिवाय तो एकटा आहे. प्रेक्षक त्याची स्मृती पाहायला आले आहेत. अंध खेळाडूची परिस्थिती याहून मुळातच वेगळी असते. त्याच्यापुढे पट असतो, तो पटाला हात लावतो आणि त्याच्या स्मृतीची परीक्षा पाहणे हा कोणाचाही हेतू नसतो. डोळस खेळाडूच्या प्रयोगाचे कौतुक करावे, परंतु त्याच मापाने अंध खेळाडूंचे मोजमाप करणे म्हणजे एका खेळाचे नियम दुसऱ्याला लावणे होय. सामान्य वृत्तपत्री लेखनात ही गल्लत आजही सर्रास आढळते.

महाराष्ट्रातील कूटस्थितींची परंपरा

कोडे किंवा कूटस्थिती हा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ मुंबईत इंग्रजी रूपात छापला गेला. 'विलासमणिमंजरी' हे त्याच्या मूळ संस्कृत कृतीचे नाव. या ग्रंथाचा मोठा भाग डावांचा नसून निवडक स्थितींचा आहे. विशेष म्हणजे या स्थिती शिकाऊ खेळाडूची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा यासाठी आहेत, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद केले आहे. कोडे म्हणजे चातुर्याची परीक्षा, ही आजची रूढ कल्पना. परंतु येथे कोडे हे स्मरणाचे साधन मानलेले दिसते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पठणपद्धतींतून ग्रंथ कंठस्थ करणाऱ्या समाजात ही कल्पना रुजावी यात नवल नाही.

देशी खेळात मातीचा प्रकारही महत्त्वाचा मानला जाई. प्याद्याने दिलेल्या मातीची प्रतिष्ठा विशेष होती आणि 'अमुकच प्याद्याने मात करावी' अशा अटी घातलेली कोडी त्यातून निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिल्लीहून हेन्री लव्हडे या पाद्र्याने 'शागिर्द' या टोपणनावाने लंडनच्या नियतकालिकाला पाठवलेले आणि १८४५ साली प्रसिद्ध झालेले चार चालींचे कोडे तर 'भारतीय कोडे' म्हणून जगभर गाजले. त्यात उंट वरकरणी काहीही कारण नसताना दूर जातो, मग हत्ती त्याच्या वाटेत येऊन थांबतो आणि काळ्या राजाला हलण्यास जागा मिळाल्यावर हत्ती बाजूला सरून मात होते. ही रचना आकृतीत पाहताना लक्षात येते ती कर्णावरच्या अंतरामुळे. ऐकताना मात्र 'उंट कोणत्या घरावरून पलीकडे गेला' हे शब्दांत सांगावे लागते. डोळस माणूस जे न बोलता समजून घेतो ते अंध माणसाला बोलून घ्यावे लागते, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

विसाव्या शतकात सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि महाराष्ट्रातील खेळाला संस्थात्मक बैठक लाभली. मात्र या काळातील मंडळे, मासिके आणि वृत्तपत्रांतील कोड्यांची सदरे ही सर्व छापील आकृतीच्या आधाराने चालणारी होती. अंध व्यक्तीला त्यांत प्रवेश नव्हता. कोणी मुद्दाम दार बंद केले होते असे नाही, परंतु आकृती हेच बंद दार होते.

स्पर्शाचा पट आणि ब्रेलची लिपी

अंधांच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू केली, १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली आणि १९५२ साली राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी १९५१ साली स्वीकारली गेली. योगायोग असा की, अंधांच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाची जुळवाजुळव याच सुमारास झाली. इंग्लंडमधील वुस्टर येथील अंध विद्यालयात अध्यापन करणारे रेजिनाल्ड बोनहॅम यांनी ब्रेल पत्रांद्वारे देशोदेशींच्या अंध खेळाडूंना जोडले. १९५८ साली जर्मनीतील राइनब्राइटबाख येथे समोरासमोर बसून खेळण्याची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, १९६१ साली मेशेडे येथे अंधांचे पहिले ऑलिम्पियाड भरले आणि १९६४ साली आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना फिडेशी संलग्न झाली.

अंध खेळाडूचा पट समजून घेतल्याशिवाय त्यांची सामूहिक पद्धती कळणार नाही. या पटाची काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घराला छिद्र असते आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला त्यात बसणारी खुंटी असते. काळ्या सोंगट्या बोटांना ओळखू याव्यात म्हणून त्यांवर खूण असते. स्पर्धेत दोन खेळाडू दोन स्वतंत्र पट वापरू शकतात. चाल मोठ्याने सांगायची, प्रतिस्पर्ध्याने ती उच्चारून आपल्या पटावर करायची. सोंगटी नुसती चाचपली तर ती 'हात लावलेली' ठरत नाही; छिद्रातून उचलली तरच ठरते. उच्चारात गोंधळ होऊ नये म्हणून उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे दिली आहेत. 'बी', 'डी', 'ई', 'जी' ही अक्षरे कानाला सारखी वाटतात, हा अनुभव दूरध्वनीवरून नाव-पत्ता सांगणाऱ्या प्रत्येकास आहेच. मराठी बोलण्यात मात्र राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे ही नावे एकमेकांपासून स्पष्ट वेगळी ऐकू येतात, त्यामुळे सोंगट्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

ब्रेलमध्ये आणखी एक वैशिष्ट्य आहे. रोमन लिपीतील पहिल्या दहा अक्षरांचे ठिपके आणि अंकांचे ठिपके एकच असून फक्त अंकापूर्वी अंकचिन्ह येते. म्हणजे 'ए १' या घरात पट्टीचा आणि ओळीचा ठिपका तोच, 'एच ८' मध्येही तेच. डोळसाला 'एच ८' मध्ये अक्षर व अंक अशी दोन वेगळी रूपे दिसतात, तर ब्रेल वाचणाऱ्याच्या बोटाखाली एकच आकार दोनदा येतो. अंकचिन्ह निसटले तर घराचा पत्ता निसटतो. म्हणून ब्रेलमध्ये लिहिलेली स्थितीही वाचून दाखवून पडताळावी लागते. लेखन असले तरी वाणीची गरज संपत नाही.

कोडे ऐकताना

सामूहिक उकलनाचा क्रम साधारणपणे असा चालतो. एक जण स्थिती वाचतो. प्रथम पांढरा पक्ष, त्यात प्रथम राजा, मग मोठ्या सोंगट्या, शेवटी प्यादी. नंतर त्याच क्रमाने काळा पक्ष. वाचून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या सोंगट्यांची संख्या सांगितली जाते आणि प्रत्येक जण आपल्या पटावर ती जुळते का हे मोजतो. ही मोजणी किरकोळ वाटते, परंतु एक प्यादे राहून गेले तर पुढील अर्धा तास व्यर्थ जातो.

एक परिचित स्थिती घेऊन हे पाहता येईल. पांढरे : राजा जी १, वजीर सी ४, घोडा एच ६. काळे : राजा एच ८, हत्ती डी ८, प्यादी जी ७ आणि एच ७. पांढरी तीन, काळी चार. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. वाचकाने आकृती न काढता हे सोडवून पाहावे.

पहिली सूचना बहुधा घोड्याच्या शहाची येते : घोडा एफ ७. लगेच दुसरा सांगतो की काळा राजा जी ८ वर जातो आणि मात होत नाही. आता सर्वांनी मूळ स्थितीकडे परतायचे असते आणि खरी अडचण येथेच आहे. डोळस माणूस सोंगटी हलवून पाहतो, चुकली की मागे ठेवतो, एका नजरेत मूळ स्थिती परत मिळवतो. अंध खेळाडूला सोंगट्या एकेक करून पुन्हा चाचपाव्या लागतात. म्हणून एकाने पट जसाच्या तसा ठेवायचा आणि इतरांनी पर्याय हलवून पाहायचे, अशी विभागणी सोयीची ठरते. पट न हलवणारा हा त्या गटाची आठवण असतो. 'जी ८ वर कोण?' असे विचारले की तो बोट ठेवून 'मोकळे' म्हणतो.

याच प्रश्नातून उत्तर सुचते. राजाभोवतीची तीन घरे चाचपली तर जी ७ व एच ७ ही भरलेली आणि एक जी ८ तेवढे रिकामे. तेही काळ्याच्याच सोंगटीने भरले तर? वजीर जी ८ वर जाऊन शह देतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण एच ६ वरील घोड्याचे त्या घरावर बळ आहे. हत्तीला वजीर घ्यावाच लागतो आणि मग घोडा एफ ७ वर येऊन मात देतो. स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात देण्याची ही कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरीस लुसेना यांच्या ग्रंथातही आहे. डोळसाला ती वजिराच्या बलिदानामुळे सुंदर वाटते. बोटांना ती वेगळ्या प्रकारे कळते : मोकळे छिद्र भरले जाते आणि राजाला जागा उरत नाही. एकच कोडे दोन ज्ञानेंद्रियांना दोन भिन्न टोकांनी सुटते, ही बाब सौंदर्यविचाराच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

मानसशास्त्राने या प्रक्रियेच्या जवळपास जाणारे काम केले आहे. आल्फ्रेड बिने यांनी १८९४ साली न पाहता खेळणाऱ्यांच्या स्मृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ मधील प्रबंधात खेळाडूंना विचार करताना मोठ्याने बोलण्यास सांगितले आणि त्या बोलण्याच्या नोंदींवर आपले निष्कर्ष आधारले. चेस आणि सायमन यांनी १९७३ साली दाखवले की निष्णात खेळाडू डावातील स्वाभाविक स्थिती क्षणभर पाहून पुन्हा मांडू शकतो, परंतु सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या तर त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. रचलेली कोडी बहुधा डावातून आलेली नसतात, त्यांत सोंगट्या अनपेक्षित जागी असतात. म्हणून कोडे ऐकून मनात धरणे हे डाव मनात धरण्यापेक्षा अवघड असते. त्रिवेंगडाचार्यांनी स्थितींना स्मरणाचा व्यायाम म्हटले, त्यातील मर्म येथे उमगते. आणि द ग्रूट यांना प्रयोगासाठी ज्या प्रकटविचाराची विनंती करावी लागली, तो अंध खेळाडूंच्या गटात निकडीपोटी आपोआप होतो. 'का' हे सांगितल्याशिवाय चाल पुढे सरकत नाही. नवशिक्याला याचा लाभ डोळसांच्या मंडळातील नवशिक्यापेक्षा अधिक होतो, असे म्हणण्यास जागा आहे. कारण तेथे जाणकार पटावर नुसता हात फिरवतो आणि बाकीचे मान डोलावतात.

संघटन आणि नवी साधने

भारतात अंधांच्या बुद्धिबळाला अखिल भारतीय संघटनेचे रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यामागे मुंबईचे चारुदत्त जाधव यांचा पुढाकार होता. ते स्वतः किशोरवयात दृष्टी गमावलेले खेळाडू. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 'टॉक सिक्स्टीफोर' हे बोलके बुद्धिबळ सॉफ्टवेअर विकसित झाले. २०१२ साली चेन्नई येथे अंधांचे ऑलिम्पियाड भरले. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या इयन मॅकडोनल्ड यांच्या 'अल्गोरिदम्स' या कृष्णधवल माहितीपटात या खेळाडूंचे जग प्रथमच विस्ताराने चित्रित झाले. त्यातील किशोरवयीन खेळाडूंपैकी एक, वडोदऱ्याचे दर्पण इनानी, यांनी पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

कोड्यांच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयोगी साधन एका जुन्या वृत्तपत्री सोयीतून आले. डेव्हिड फॉर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने १८८३ साली पटावरील स्थिती एका ओळीत अक्षरे व अंकांनी लिहिण्याची पद्धत सुचवली. सोंगटीसाठी अक्षर, लागोपाठच्या रिकाम्या घरांसाठी त्यांची संख्या. वरील कोड्याची आठवी ओळ 'तीन रिकामी, काळा हत्ती, तीन रिकामी, काळा राजा' आणि सातवी 'सहा रिकामी, दोन काळी प्यादी' अशी होते. संगणकासाठी हीच पद्धत पुढे विस्तारली गेली. २००६ साली सुरू झालेले 'एनव्हीडीए' हे विनामूल्य पटवाचक सॉफ्टवेअर किंवा मोबाईलमधील तत्सम सोय ही ओळ वाचून दाखवू शकते. मात्र पांढऱ्या-काळ्यातील भेद मोठ्या व लहान अक्षरांनी दाखवलेला असल्याने तो ऐकू येईल अशी व्यवस्था करून घ्यावी लागते. २०१० पासून चालणाऱ्या 'लिचेस' या विनाशुल्क संकेतस्थळावर अंधांसाठी स्वतंत्र मजकुरी रूपही आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ छपाईची सोय म्हणून पडून असलेली पद्धत अशा रीतीने आकृतीला पर्याय ठरली.

रत्नागिरी जिल्हा आणि आकृतीचा प्रश्न

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, डोंगर-खाड्यांनी तुटलेली वस्ती आणि वाड्यावाड्यांत विखुरलेली घरे, ही रत्नागिरी जिल्ह्याची रचना. एका वाडीत एक अंध मुलगा असतो, दुसरा चार डोंगर पलीकडे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत मुंबईच्या संस्थांशी संबंध ठेवायचा तर एसटीचा घाटरस्ता आणि टपाल हेच मार्ग. भारतीय टपाल खाते ब्रेल साहित्य विनामूल्य पोहोचवते, ही सवलत अशा जिल्ह्यासाठी मोलाची होती. परंतु पोहोचवण्यासारखी बुद्धिबळाची ब्रेल पुस्तकेच मुळात विरळ. मंडणगड तालुक्यातील घराडी येथे अंध मुलांचे निवासी विद्यालय उभे राहिल्यावर जिल्ह्यातच ही मुले एका छपराखाली येऊ लागली. सामूहिक उकलनाला जी पहिली अट आहे, म्हणजे सोबत, ती निवासी शाळेत पुरी होते. अडचण येते ती शाळा संपून मूल आपल्या वाडीत परतल्यावर. तेथे त्याला पट मिळतो, सोबती मिळत नाही. अशा वेळी मोबाईलवरील सामूहिक संभाषण ही केवळ करमणूक राहत नाही. खेळ चालू राहण्याची ती अट बनते. ज्या खेळात मुळातच सर्व काही बोलून सांगायचे आहे तो दूरध्वनीवर गेल्याने फारसे काही गमावत नाही, ही येथे सुदैवाची गोष्ट.

उरतो तो छापील साहित्याचा प्रश्न. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची मुभा मिळाली आणि २०१३ च्या माराकेश कराराला भारताने २०१४ साली मान्यता दिली. मराठी पुस्तक आता कायदेशीर अडथळ्याविना ध्वनी वा ब्रेल रूपात नेता येते. परंतु बुद्धिबळाचे पुस्तक अक्षरओळखीच्या यंत्रातून काढले तर मजकूर येतो आणि आकृती चित्र म्हणूनच मागे राहते. 'खालील स्थितीत पांढऱ्याने काय खेळावे?' एवढे ऐकू येते आणि पुढे शांतता. आकृती ओळखणारी साधने अलीकडे आली आहेत. तरी एका सोंगटीची चूकही कोडे निरर्थक करते आणि ती चूक पडताळायला पुन्हा डोळस माणूस लागतो.

यावर उपाय नवा शोधण्याची गरज नाही. कोड्यांना वाहिलेल्या नियतकालिकांत आकृतीखाली पांढऱ्या व काळ्या सोंगट्यांची संख्या छापण्याचा जुना प्रघात आहे, तो मुद्रणदोष पकडण्यासाठी. अंध खेळाडूंच्या गटात स्थिती वाचून झाल्यावर जी मोजणी होते ती हीच. मराठी दैनिकांतील साप्ताहिक कोड्याखाली या संख्येसोबत सोंगट्यांची घरे दोन ओळींत दिली, तर वर घेतलेल्या उदाहरणास सात घरांचे पत्ते एवढीच जागा लागेल.